कान्हेरीच्या वाटेवरचे अठरा रेनकोट

जुलैतल्या एका रविवारी नऊ ते बारा वर्षांची अठरा मुलं घेऊन आम्ही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून कान्हेरीकडे निघालो. दोन आठवड्यांनी याच मुलांना कर्जतजवळच्या पेठ गावात मुक्कामाला न्यायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी कोथळीगड चढायचा होता. त्याआधी प्रत्येकाचा रेनकोट खऱ्या पावसात, पाठीवर सॅक असताना, निदान दोन तास वापरून बघायचा हा आमचा नियम आहे. पालक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, त्यात सगळेच रेनकोट उत्तम दिसतात.

फाटकापासून लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता. पहिला तासभर रिपरिप होती, मग झड लागली. लेण्यांपाशी पोचल्यावर आडोसा बघून सगळ्यांचे रेनकोट उतरवले आणि आतले टी-शर्ट हाताने चाचपले. अठरापैकी सोळा ओले. सगळ्यांत ओली होती ती सगळ्यांत महागडं जॅकेट घातलेली मुलगी. तिच्या जॅकेटवर १०,००० मिमीचं लेबल होतं, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसतं, आणि शिवणींना आतून टेप होती. जॅकेट कुठेही गळलेलं नव्हतं. तरी तिचा सुती टी-शर्ट पिळला तर पाणी निघेल असा झाला होता. ती बोलायची थांबली होती, दात वाजत होते आणि सॅकचं बक्कल तिला बोटांनी सुटत नव्हतं.

ही तीन लक्षणं एकत्र दिसली की बाकीचं काम बाजूला ठेवायचं. मुंबईत कुणाला थंडी बाधेल असं पालकांना वाटत नाही, पण ओलं अंग आणि वारा असेल तर २५ अंशांतही मूल गारठतं. मुलांचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून मोठ्यांपेक्षा ती लवकर थंड पडतात. ओला टी-शर्ट काढला, अंग कोरडं पुसलं, कोरडा पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि त्यावर फ्लीस घातलं, डोक्याला टोपी दिली, थर्मासमधलं गरम गोड दूध घोट घोट पाजलं. वीस मिनिटांत ती पुन्हा बोलायला लागली.

मग प्रश्न उरला, पाणी आलं कुठून? ओल कुठे आणि कशी पडली आहे हे बघितलं की उत्तर बहुतेक वेळा मिळतं. खांद्यावर किंवा बाहीच्या वरच्या अंगाला ओलीची सरळ रेघ असेल तर शिवण गळते आहे. छातीवर गळ्यापासून खाली त्रिकोण असेल तर पाणी रेनकोटच्या टोपीवरून आत आलं आहे. मनगटापासून कोपरापर्यंत ओल असेल तर मूल रेलिंग धरून हात वर करून चाललं आहे आणि पाणी बाहीतून उतरलं आहे. फक्त सॅकच्या पट्ट्याखाली दोन चट्टे असतील तर कोटिंग, म्हणजे कापडावरचा पाणी अडवणारा लेप, दाबाखाली हार खातं आहे. पाठ, पोट आणि बगला सगळीकडे सारख्याच ओल्या आणि रेघ कुठेच नाही, तर तो घाम. त्या दिवशी सोळांपैकी सहाजण घामाने भिजले होते, पाचजण शिवणीने, तिघं टोपीमुळे आणि दोघं विरलेल्या कोटिंगमुळे. ती मुलगी पहिल्या सहांतली.

महागड्या जॅकेटमधलं बाष्प सोडणारं पटल काम करतं ते आतल्या आणि बाहेरच्या बाष्पाच्या दाबातल्या फरकावर. बाहेर कोरडी थंडी असली की फरक मोठा असतो. आपल्याकडे जुलैत हवा आधीच बाष्पाने काठोकाठ भरलेली असते, त्यामुळे फरक थोडाच उरतो. त्यात बाहेरच्या कापडावरची पाणी झटकणारी प्रक्रिया धुण्याने गेली की कापड पाणी पितं, वर ओला थर बसतो आणि बाष्पाची वाट आणखी अडते. या मुलीने फाटकापासून चेन हनुवटीपर्यंत बंद ठेवली होती. तिच्या आईनेच तसं बजावलं होतं, आणि आईचं चुकलं असं म्हणता येणार नाही, कारण हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

कोरडे राहिलेले दोघे कोण होते? एकाने साधं कोटिंगवालं जॅकेट घातलं होतं, पण चेन छातीपर्यंत उघडी आणि टोपीखाली पुढे झडप असलेली क्रिकेटची कॅप. दुसऱ्याचा होता सॅकवरून घ्यायचा सैल पोंचो, दोन्ही बाजूंनी टिचबटणांचा. भात लावणाऱ्या बायकांच्या पाठीवरचं बांबूच्या कामट्यांचं इरलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना याचं कारण सांगावं लागणार नाही. पाणी वरून निथळतं आणि खालून वारा खेळतो. पोंचोचा दोष मात्र गंभीर आहे. वाऱ्याने तो उडतो आणि पायऱ्या उतरताना मुलाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. कान्हेरीच्या बसाल्टच्या ओल्या पायऱ्यांवर आम्ही त्याला पोंचो कमरेला गुंडाळून बांधायला लावलं, आणि कोथळीगडाच्या सुळक्यातल्या कोरीव पायऱ्यांवर तर तो घालू द्यायचाच नाही असं ठरवलं.

परतताना लेण्यांवरच्या दगडात कोरलेल्या पन्हळी मुलांना दाखवल्या. पाणी दारावर पडू न देता बाजूने पोढीत, म्हणजे दगडात कोरलेल्या टाक्यात, नेलेलं आहे. टोपीच्या पुढची झडप नेमकं हेच काम करते, आणि ज्या तिघांची छाती भिजली त्यांच्या टोप्यांना झडपच नव्हती.

संध्याकाळी दादरच्या हॉलमध्ये संशयित रेनकोटांची तपासणी केली. ही चाचणी घरी बाथरूममध्येही जमते. बाही उलटी करायची, मनगट दोरीने घट्ट बांधायचं, बाही टांगायची आणि ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरायचं. दहा मिनिटं थांबायचं. हा दाब फक्त ३०० मिमीचा. लेबलवर ३,००० मिमी लिहिलेलं असताना इथे थेंब पडले तर दोष बहुधा कापडाचा नाही, शिवणीचा आहे, कारण सुईने पाडलेल्या छिद्रांना लेबल लागू होत नाही. पाचही रेनकोट शिवणीतूनच ठिबकले, आणि त्यातल्या तिघांना टेप लावलेलीच नव्हती.

३,००० मिमी उभ्याने चालायला पुरतात, पण दाबाचा हिशोब वेगळा असतो. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे १० मीटर पाण्याचा दाब. गुडघे टेकलेल्या मुलाचं २० किलो वजन ४० चौरस सेंटिमीटरवर आलं तर ५,००० मिमी झाले. म्हणून पावसाळी पँटचे गुडघे आधी गळतात, आणि म्हणूनच ओल्या दगडावर बसताना खाली फोमचा तुकडा घ्यायला आम्ही सांगतो.

दुरुस्तीचं म्हणाल तर शिवण सुधारते, कोटिंग सुधारत नाही. पॉलियुरेथेनचं कोटिंग असेल तर शिवण स्पिरिटने पुसून इस्त्रीची टेप लावता येते. इस्त्री सिंथेटिकच्या सगळ्यांत कमी तापमानावर, मध्ये सुती रुमाल, एका जागी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि आधी आतल्या दुमडीवर करून बघायचं. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला ही टेप चिकटत नाही, तिथे सिलिकॉन सीलंटच लागतं. कोटिंग चिकट झालं असेल किंवा पांढरे पापुद्रे निघत असतील तर ते कापड गेलं समजायचं. आपल्या दमट हवेत ओला रेनकोट घडी घालून पिशवीत वर्षभर ठेवला की हेच होतं. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि साबण पुन्हा पुन्हा खंगाळून पूर्ण काढायचा. उरलेला साबण पाणी ओढून घेतो.

त्या दिवसानंतर पालकांना द्यायची यादी आम्ही बदलली. दहा वर्षांच्या मुलाचं जॅकेट २५० ग्रॅमच्या आसपास असावं. आमच्या काट्यावर पीव्हीसीचे जाड रेनकोट याच्या दुपटीला पोचले, आणि जड रेनकोट मूल सॅकच्या तळाशी टाकतं. दोन्ही हात वर केले तर खालची कड कमरेच्या वर जाऊ नये आणि मनगट उघडं पडू नये. मान वळवली की टोपीही वळली पाहिजे, नाहीतर मुलाला बाजूचं दिसत नाही. गळ्याला लोंबणारी नाडी नको. युरोपीय मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत टोपीला आणि गळ्याला नाडी चालत नाही, आणि झाडीतून चालणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही आम्ही तोच नियम लावतो. इलॅस्टिक पुरतं. रंग नारिंगी किंवा पिवळा हवा, धुक्यात गडद हिरवं मूल वीस पावलांवर दिसेनासं होतं. चालताना पावसाळी पँट नको, हाफपँट बरी. पाय भिजतात आणि लगेच वाळतात. जीन्स तर मुळीच नको. सॅकवरच्या कव्हरवर भरवसा ठेवू नका, त्याच्या तळाशी पाणी साचतं. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी, तिचं तोंड पिळून गाठ, आणि त्यात कपड्यांचा एक पूर्ण कोरडा जोड, जो मुक्कामाला पोचेपर्यंत उघडायचा नाही.

त्या मुलीच्या जॅकेटच्या दोन्ही बगलांखाली आम्ही चार-चार आयलेट, म्हणजे धातूची कडी बसवलेली भोकं, ठोकून घेतले. तिथे पाऊस पोचत नाही. सुती टी-शर्ट काढून पॉलिएस्टरचा दिला आणि चढ सुरू झाला की चेन वीतभर उघडायची असं शिकवलं. पेठला पोचल्यावर पडवीत तिचा टी-शर्ट पाहिला. पाठीवर सॅकच्या आकाराचा ओला चौकोन होता, बाकी कोरडा.