तीस मिनिटांनी पुन्हा शून्य

निर्वात कक्षाच्या जाड काचेतून आमचा उपग्रह दिसत होता. प्रत्येक बाजू 10 सेंटिमीटर, वजन किलोच्या आसपास. विद्यार्थ्यांना झेपेल असा हा क्यूबसॅटचा, म्हणजे घनाकृती छोट्या उपग्रहाचा, आकार बॉब ट्विग्ज आणि जॉर्डी पुईग-सुआरी यांनी 1999 साली ठरवला. कक्षातली हवा काढून घेतली होती, तापमान उणे 20 अंशांवर आणलं होतं. आज अँटेना उघडते का ते बघायचं होतं.

अँटेना म्हणजे स्टीलच्या मोजपट्टीचा 17 सेंटिमीटरचा तुकडा. तो गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने बांधायचा. दोऱ्याला टेकलेली नायक्रोमची तार तापली की दोरा वितळतो आणि पट्टी ताडकन सरळ होते. टेबलावर हे इतक्या वेळा केलं होतं की तो आवाज कानात बसला होता.

रॉकेटपासून सुटल्यावर पहिली 30 मिनिटं काहीही उघडायचं नाही, असा क्यूबसॅटचा नियम आहे. आम्ही थांबलो. वेळ झाली, पट्टी हलली नाही. उपग्रहाच्या नोंदींचा लॉग पाहिला तर घड्याळ शून्यावर. पुन्हा 30 मिनिटं, पुन्हा शून्य. तिसऱ्या खेपेला मी व्होल्टेजच्या आकड्यावरून नजर हटवली नाही. तारेतून वीज वाहिली, आकडा कोसळला आणि खाली नवी ओळ उमटली: सिस्टिम सुरू.

थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. तारेने एकदम करंट ओढला की व्होल्टेज पडायचं, मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपग्रहाचा छोटा संगणक, रीसेट व्हायचा आणि सगळं विसरून पुन्हा 30 मिनिटं मोजायला लागायचा. तो कोड माझा होता. टेबलावर आम्ही पॉवर सप्लाय जोडत होतो, म्हणून हे कधी दिसलंच नाही. अंतराळात अँटेना मिटलेली राहिली असती आणि आमची एकही आज्ञा पोचली नसती. माझ्या पोटात गोळा आला.

वर इतकी थंडी नसेल, पुढची चाचणी घेऊया, असं एक जण म्हणाला. त्याच्याशी मी भांडले, आणि आजही भांडेन.

मग कोड बदलला. आधी हीटरने बॅटरीला ऊब द्यायची, व्होल्टेज पुरेसं असेल तरच तार तापवायची. कितवा प्रयत्न आहे ते त्याआधीच फ्लॅश मेमरीत लिहायचं, म्हणजे रीसेट झाला तरी विसरणार नाही.

चार दिवसांनी पुन्हा तोच कक्ष, तीच 30 मिनिटं. आकडा खाली गेला, पण टिकला. निर्वातात आवाज होत नाही. काचेपलीकडे पट्टी गुपचूप सरळ झाली.