आमची वाटचाल : ऊसतोडीच्या आधी तपासणी

अंबाजोगाईत आमचं छोटं कार्यालय आहे. एक निवृत्त केंद्रप्रमुख, आरोग्य खात्यात नोकरी केलेल्या एक सिस्टर, आकडेवारी सांभाळणारी दोन पोरं आणि मी, एवढाच कारभार. शाळकरी मुलांच्या आरोग्याबद्दल निर्णय घेताना जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला आणि संस्थाचालकांना लागेल ती मदत करणं, हा आमचा व्यवसाय. ‘धोरण तर मुंबईत ठरतं, तुम्ही इथं काय करता?’ असं पाहुणे अजून विचारतात. शासन निर्णय मुंबईहून येतो, हे खरं. तो कोणत्या महिन्यात, कोणाच्या सहीनं आणि कोणत्या नोंदवहीत उतरायचा, हे मात्र जिल्ह्यातच ठरतं.

सुरुवातीला आम्ही यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीची, माहिती भरून द्यायचो, शाळा व्यवस्थापन समित्यांचे आराखडे लिहायचो. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला आणि कामाला वेगळं वळण लागलं. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांची तपासणी यात होते. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर असं सगळं बघितलं जातं. अंगणवाडीत पथक वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. या ‘एकदा’वरच आमचं बरंचसं काम उभं राहिलं.

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागात दिवाळी झाली की गावं ओस पडतात. ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. घरात आजी असेल तर पोरं मागं राहतात, नाहीतर तीही फडावर. पथकाची गाडी जानेवारीत आली तर सापडतील कशी? आम्ही वर्गाचा हजेरीपट आणि तपासणीची यादी शेजारी ठेवून नावं जुळवली, तेव्हा दोन्ही कागद आपापल्या जागी बिनचूक निघाले. यादीत हजर मुलांची नोंद शंभर टक्के होती, आणि ज्यांना तपासणीची सगळ्यात जास्त गरज होती ती मुलं यादीतच नव्हती. पुढच्या वर्षी गाडी पुन्हा जानेवारीतच आली, तर तीच मुलं पुन्हा सुटणार.

आमची मागणी साधी होती : स्थलांतर होणाऱ्या गावांतल्या शाळा जुलै ते सप्टेंबरमध्ये आधी घ्या. पण गाडीचं नियोजन आरोग्य विभागाकडे, शाळांचं वेळापत्रक शिक्षण विभागाकडे. त्यांची एकत्र बैठक लावण्यातच आमची सगळी ताकद गेली. एका तालुक्यात अखेर हे जमलं. तपासणी पावसाळ्यात झाली, की जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे तपासणीत दोष आढळलेल्या मुलांवर पुढचे उपचार होतात तिथं, पाठवलेल्या मुलाला टोळी हलण्याआधी तिथं नेऊन आणायला हाताशी वेळ असतो. माझ्या मते, सगळ्या मराठवाड्यात हाच नियम व्हायला हवा.

दुसरं काम लोहाच्या गोळ्यांचं. सहावी ते बारावीच्या मुलांना आठवड्यातून एकदा निळी गोळी असते : ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. लहान मुलांसाठी गुलाबी, मात्रा कमी. गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळ होते. वर्गात एकाला उलटी झाली की बाकीची तोंडं घट्ट मिटतात, आणि संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. एक आई तर थेट शाळेत आली, ‘गुरुजी, पोरीला काळी शी होतीय, बंद करा ती गोळी.’ शी काळी होणं हा लोहाचा नेहमीचा परिणाम, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे तिला आधी कुणी सांगायचं? म्हणून जिल्ह्यासाठी लिहिलेल्या सूचनापत्रात आम्ही चार ओळींवर अडून बसलो : गोळी खिचडी खाल्ल्यावरच द्यायची, पाठोपाठ चहा नको, वर्गशिक्षकांनी मुलांसमोर स्वतः घ्यायची, आणि काळ्या शीबद्दल पालक सभेत आधीच बोलायचं. सिस्टरनी यातलं प्रत्येक वाक्य आयांना वाचून दाखवलं आणि ज्याचा अर्थ लागला नाही ते बदललं.

वजन-उंचीचंही तसंच. शहाबादी फरशी उंचसखल असते. काटा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला की वजन बदलतं. आता आमच्या प्रशिक्षणाची सुरुवातच काट्याखाली प्लायवूडचा सपाट तुकडा ठेवण्यापासून होते. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखूविक्रीला बंदी आहे, हे सगळ्यांना पाठ असतं, पण टपरी त्या हद्दीत आहे की नाही हे टेप लावून मोजल्याशिवाय तक्रार पुढं सरकत नाही. तो नकाशा आम्ही करून देतो.

पैशाचं सांगायचं तर बिलं मार्चअखेर निघतात आणि तोवर पगाराची ओढाताण असते. मध्यंतरी पावडरीचं पेय विकणाऱ्या एका कंपनीनं बरी रक्कम देऊ केली होती. आमच्या अहवालात त्या पेयाची शिफारस हवी होती. आम्ही नाही म्हणालो. जिल्ह्याचा अधिकारी आमच्या कागदावर भरवसा ठेवून सही करतो, तो भरवसा विकायचा नाही, यावर आमच्यात दुमत झालं नाही.

सध्या शिक्षण हमी कार्डावर काम चालू आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला हे कार्ड मिळतं, ते दाखवून जाईल त्या गावच्या शाळेत बसता येतं. त्याच्याच मागच्या बाजूला आरोग्याच्या ओळी हव्यात, असा आमचा प्रस्ताव आहे : तपासणीची तारीख, काय आढळलं, पुढं कुठं पाठवलं, जंतनाशक गोळी कधी दिली. फडाजवळच्या शाळेतल्या बाईंना मग पहिल्यापासून विचारपूस करावी लागणार नाही. मसुदा शिक्षण विभागाकडे दिला आहे. येत्या गळीत हंगामाआधी निदान एका तालुक्यात तो लागू व्हावा, म्हणून पाठपुरावा सुरू आहे.