मावशीचा प्रश्न आणि पिशवीची गळती

बुधवारी सकाळी सातला मटणाच्या दुकानात गेले. "दादा, गुर्द्याजवळच्या चरबीतली ती गाठ ठेवलीय ना?" आता ते न सांगताच काढून ठेवतात, पैसेही घेत नाहीत. बकऱ्याची अधिवृक्क ग्रंथी, राजम्याच्या दाण्याएवढी. बर्फात घालून कॉलेजात आणली, ब्लेडनं आडवी कापली आणि पोटॅशियम डायक्रोमेटच्या नारिंगी द्रावणात ठेवली. हळूहळू मधला गाभा तपकिरी झाला, कडा मात्र फिकटच राहिली. तो तपकिरी रंग म्हणजे साठवलेलं ॲड्रेनॅलिन, भीतीच्या वेळी रक्तात सुटणारं संप्रेरक. क्रोमियमच्या क्षारांनी रंगतात म्हणून गाभ्यातल्या या पेशींना क्रोमॅफिन म्हणतात.

साठवलेलं, हा शब्द मी वर्गात तीनदा उच्चारते. कारण दरवर्षी उत्तरपत्रिकांत येतंच, 'भीती वाटताच ॲड्रेनॅलिन तयार होते.' ते आधीच भरून ठेवलेलं असतं. १९५३ साली ऑक्सफर्डमध्ये ब्लाश्को आणि स्वीडनमध्ये हिलार्प या शास्त्रज्ञांच्या गटांनी ग्रंथी वाटून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून दाखवलं की ते पेशीच्या पाण्यात विरघळून पडलेलं नसतं, बारीक कणांत असतं. हे कण म्हणजे पातळ पडद्याच्या पिशव्या, एकेका पेशीत हजारोंनी. आत आम्लता, पीएच साधारण ५.५. ॲड्रेनॅलिनसोबत एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि क्रोमोग्रॅनिन नावाची प्रथिनं. ही सगळी एकमेकांना धरून बसतात. नाहीतर इतक्या दाट द्रावणानं पाणी ओढून पिशवी फुटली असती. मज्जातंतूतून ॲसिटिलकोलिन हा निरोप्या रेणू आला की पेशीत कॅल्शियम घुसतं, पिशवीचा पडदा पेशीच्या पडद्याला जुळतो आणि आतलं सगळं एकदम रक्तात.

माझ्या मावशीच्या बाबतीत हे कारण नसताना व्हायचं. भाकरी थापता थापता डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, पदर पिळावा इतका घाम. पाव तासात सगळं शांत. दवाखान्यात पोचेपर्यंत बीपी नॉर्मल. चार वर्षं तिला "मनाला लावून घेऊ नका" ऐकावं लागलं आणि झोपेच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. त्याचा राग मला अजून येतो.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी चोवीस तासांच्या लघवीतलं मेटॅनेफ्रिन, म्हणजे ॲड्रेनॅलिनपासून बनणारं द्रव्य, तपासायला सांगितलं. लॅबचा मोठा कॅन हातात घेऊन मावशी म्हणाली, "आज तर मला काहीच होत नाहीये गं. मग यात काय दिसणार?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारलेला नाही. उत्तर असं, की या पिशव्या गळतात. शांत बसलेल्या पेशीतही ॲड्रेनॅलिन थोडंथोडं बाहेर झिरपतं, पिशवीच्या पडद्यातला पंप त्यातलं बरंचसं परत आत ओढतो, आणि जे निसटतं त्याचं तिथल्या तिथेच मेटॅनेफ्रिन होतं. क्रोमॅफिन पेशींची गाठ असेल तर हे रात्रंदिवस चालू राहतं, झटका येवो न येवो.

मावशीचा आकडा नेहमीपेक्षा कित्येक पट आला. सीटीत उजव्या मूत्रपिंडावर लिंबाएवढी गाठ. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या, कारण गाठीला हात लागताच पिशव्या रिकाम्या व्हायची भीती असते.

अशी गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून दरवर्षी तपासणी असते. यंदाचा कॅन मी शुक्रवारी नेऊन देणार आहे. बुधवारच्या तपकिरी चकतीचा फोटोही तिला दाखवायचाय.