तुम्ही विचारलंत म्हणून : कोठीवर शिकलेली डॉक्टर

"म्हणजे तुम्ही ऑनलाइन झालेल्या डॉक्टर का?" लग्नात, एसटीत, ओपीडीतसुद्धा हे विचारतात. एरवी हसून टाळते. आज सांगते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेल रिकामं झालं, वॉर्ड सुटला. गंमत म्हणजे त्याच वर्षी पीएसएम, म्हणजे साथी आणि सार्वजनिक आरोग्याचा विषय होता. प्लेगच्या काळातला १८९७ चा साथरोग कायदा पुस्तकात जेमतेम दोन ओळींचा. तोच आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधून उभा राहिला. तो विषय मला कधी नव्हे इतका कळला.

अडलं ते हाताचं. बोटावर बोट आपटून छातीचा आवाज ओळखायचा, ते पर्कशन मोबाइलवर बघून कसं येणार? मी धाकट्या भावाच्या पाठीवर वाजवायचे. तो पळाला की गव्हाच्या कोठीवर. गहू आहे तिथं बद्द, त्याच्या वर पोकळ. ही पद्धत १७६१ मध्ये मांडणारा ऑस्ट्रियन डॉक्टर ऑएनब्रुगर खानावळवाल्याचा मुलगा. वडिलांची पिंपं वाजवून बघताना त्याला ती सुचली, असं सांगतात. म्हणजे कोठी काही अगदीच वाया गेली नाही.

मे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं शेवटच्या वर्षाच्या मुलांना सौम्य रुग्णांची फोनवर विचारपूस करायला घेता येईल असं ठरवलं. मीही बसले. ऑक्सिमीटरचा आकडा विचारायचा, पण बोटं गार असली की तो दगा देतो. सर म्हणायचे, आकडा नंतर, आधी बोलतं कर. एक आजोबा "बरा आहे" हे दोनच शब्द दोन श्वासांत म्हणाले. त्यांना एका दमात वीसपर्यंत मोजायला सांगितलं. नवावर अडकले. फोन सरांकडे दिला, आजोबा दाखल झाले. पुढचं मला कळलं नाही.

राहिली होती पाणथरी, म्हणजे प्लीहा. रुग्णाला लांब श्वास घ्यायला सांगून पोटावरून ती चाचपायची कशी, याचे व्हिडिओ पाठ होते; हाताला मात्र एकदाही लागली नव्हती. इंटर्नशिपमध्ये पाणथरी वाढलेले एक मामा भेटले. मी बरगडीखाली दाबत बसले होते.

"डॉक्टर, लई वर दाबताय. खालनं या," ते म्हणाले. "सकाळधरनं चार पोरं बघून गेली."

आणि मी सांगायच्या आधीच त्यांनी लांब श्वास घेतला.