विचारवंत नायक जेवायला बसतो तेव्हा

बुद्धिजीवी नायकाच्या कादंबऱ्या मला मनापासून आवडतात, पण त्यांच्यावरची समीक्षा वाचायला घेतली की डोकं उठतं. अस्तित्ववाद, परात्मता, दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व, वर थोडी काम्यू-सार्त्र या फ्रेंच लेखकांची फोडणी, झाला लेख तयार. अहो पण त्या माणसाचं नक्की काय बिनसलंय ते सांगा की! मला तर वाटतं की या लोकांची खरी गोची त्यांच्या लांबलचक चिंतनात दिसतच नाही, ती दिसते जेवायच्या पानावर, पैशाच्या हिशोबात, भाड्याच्या खोलीत. चिंतनात काय, तिथे माणूस स्वतःलाही व्यवस्थित गंडवू शकतो.

यू. आर. अनंतमूर्तींची 'संस्कार' घ्या. १९६५ ची कानडी कादंबरी, आणि लिहिली कुठे तर इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला पीएचडी करता करता. स्वतः इंग्रजीचा प्राध्यापक आणि लिहितोय दुर्वासपूर नावाच्या अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मणवस्तीतल्या, माध्व पंथाच्या ब्राह्मणांबद्दल. नायक प्राणेशाचार्य म्हणजे काशीला शिकून आलेला गाढा पंडित, सगळं गाव त्याच्या शब्दावर चालतं. नारणप्पा नावाचा दारू पिणारा, मांस खाणारा, चंद्रीबरोबर राहणारा ब्राह्मण मरतो आणि याला अग्नी कोणी द्यायचा हा प्रश्न येतो, आचार्य सगळ्या पोथ्या पालथ्या घालतात तरी उत्तर मिळत नाही, मारुतीच्या देवळात जाऊन बसतात तिथेही नाही, आणि परत येताना रानात त्याच चंद्रीशी त्यांचा संग होतो. इथपर्यंतच्या भागावर सगळे लिहितात. मला त्यानंतरचा भाग जास्त भारी वाटतो. प्लेगमध्ये बायको जाते, तिला अग्नी देऊन आचार्य गाव सोडून चालायला लागतात आणि वाटेत पुट्टा नावाचा एक बडबड्या गळ्यात पडतो. काही केल्या हा इसम सुटत नाही! कोंबड्यांची झुंज बघ, जत्रेत फिर, कॉफी पी, असं करत शेवटी आचार्य मेळिगेच्या देवळातल्या पंगतीत जाऊन बसतात. बायकोचं सूतक चालू असताना. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना सोवळंओवळं सांगितलं तो स्वतः सगळी पंगत बाटवत बसलाय, आणि त्याला भीती कसली वाटतेय तर पापाची नाही, कोणीतरी ओळखेल याची. आणि ओळखतातच. तसा तो पानावरून उठून चक्क सटकतो. आता हा माणूस नेमका कोण आहे, पंडित की पळपुटा की दोन्ही, हे त्या एका जेवणात जेवढं कळतं तेवढं दहा पानांच्या स्वगतातून कळलं नसतं.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' त्याच्या दोन वर्षं आधीची, १९६३ ची. नेमाडे तेव्हा पंचविशीचे आणि तिचा नायक पांडुरंग सांगवीकरही पंचवीसचाच. आपल्याकडे पांडुरंगला ताबडतोब होल्डन कॉलफिल्डचा ('द कॅचर इन द राय' या अमेरिकन कादंबरीतला न्यूयॉर्कचा पोरगा) मावसभाऊ वगैरे करून टाकतात, पण मला विचाराल तर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेल्या पोराची जी अडचण आहे ती न्यूयॉर्कच्या पोराला कळायचीच नाही. पैसा वडिलांचा, वडिलांशी पटत नाही, आणि पैसे तर त्यांच्याकडेच मागायचेत. होस्टेलमध्ये हा नको त्या जबाबदाऱ्या अंगावर घेतो, मेसच्या भानगडीत गोत्यात येतो, आणि मग घरी तोंड दाखवायची पंचाईत. पुण्यात तो गावचा, गावात तो पुण्याला जाऊन बिघडलेला. त्यात धाकटी बहीण मनी जाते. तिच्या मरणानंतर जे येतं ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते की तोपर्यंत सगळ्याची टर उडवत आलेला हा पोरगा इथे टर उडवू शकत नाही, म्हणजे प्रयत्न करतो पण जमत नाही. शेवटी परत सांगवी. आता याला बंड म्हणायचं का माघार यावर लोक साठ वर्षं भांडतायत, भांडू देत.

पुढे नेमाड्यांनी चांगदेव पाटील आणला. 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल', १९७५ ते १९७९ अशा चार कादंबऱ्या. हा इंग्रजीचा प्राध्यापक. आधी मुंबईतली लघुनियतकालिकवाली, म्हणजे छोटी बंडखोर मासिकं काढणारी मित्रमंडळी, मग आडगावातली कॉलेजं. गाव बदलतं, खोली बदलते, स्टाफरूममधलं जातीचं राजकारण मात्र जिथे जाईल तिथे आधीच येऊन बसलेलं असतं. पोरांना इंग्रजी कविता शिकवायच्या आणि संस्थाचालकांचे हेवेदावे बघत बसायचं. खरं सांगू का, चारही सलग वाचताना अधूनमधून कंटाळा येतो, तीच तीच माणसं वेगळी आडनावं लावून आल्यासारखी वाटतात. पण चांगदेवलाही तोच कंटाळा आलेला आहे, त्यामुळे तक्रार तरी कशी करणार.

किरण नगरकरांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) मध्ये नायक कुशंक पुरंदरेची भाषाच तुटलेली, काळ पुढेमागे उड्या मारतो, कोण कुणाशी बोलतंय ते शोधत बसावं लागतं. थोर आहे वगैरे मान्य, पण मला पांडुरंग जास्त जवळचा. आणि अरुण साधूंचा पत्रकार दिगू टिपणीस, ज्याला बहुतेकांनी पुस्तकापेक्षा 'सिंहासन' सिनेमात निळूभाऊ फुल्यांच्या रूपात पाहिलंय. त्याची गंमत अशी की त्याला सगळं माहीत असतं. कोण मंत्री कुठे फुटणार, कोणाचा हात कोणाच्या खिशात, सगळं. त्या माहितीचं करायचं काय हेच माहीत नसतं, आणि शेवटी गडी रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो.

एक गोष्ट मात्र खटकते. या सगळ्या थोर पुरुषांना स्वतःला शोधत हिंडायची चैन परवडते कारण मागे कोणीतरी चूल सांभाळत असतं. आचार्यांच्या घरात तर उलटं आहे, आजारी बायकोची सेवा तेच करतात, पण ती सेवासुद्धा त्यांच्या पुण्याच्या खात्यात जमा होते, तिला काय वाटत होतं हे कोणी विचारत नाही. गौरी देशपांडेंच्या कथा-कादंबऱ्यांतल्या नायिका शिकलेल्या, जग फिरलेल्या, नवऱ्याशीही नीट वाद घालणाऱ्या, आणि त्या हाच 'मी कोण' वाला घोळ घर चालवता चालवता घालतात. तेही समीक्षेत बरेचदा 'स्त्रीवादी साहित्य' अशा वेगळ्या डब्यात, बुद्धिजीवींच्या यादीत नाही. का बुवा?

आणि आता मला वाचायचाय तो आजचा चांगदेव. सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा झालेला, पीएचडी झालेला, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक पैशांवर शिकवणारा. वर्गात 'सर', सोसायटीच्या कार्यक्रमात 'प्राध्यापकसाहेब', आणि सुट्टी लागली की तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, मग गावी जाऊन भावाच्या शेतात काम किंवा शहरात क्लासवाल्याकडे. लग्नाच्या बोलणीत 'पर्मनंट आहेत का' हा पहिला प्रश्न. जुन्या चांगदेवला निदान एक नोकरी सोडून दुसरी धरता तरी येत होती, याची तर ऑर्डरच दरवर्षी संपते. असे लोक माझ्या ओळखीत ढिगाने आहेत आणि त्यातले दोघंतिघं चांगलं लिहितातही, पण लिहायला घेतलं की स्वतःचं सोडून परत काफ्काची नक्कल. अशा माणसावरची कादंबरी कोणी वाचली असेल तर नाव सांगा, लगेच मागवतो.