पॅकेट येत होती, फाइल कोरीच: सिसलॉग जोडतानाचा माझा अनुभव

उत्तर आधीच सांगून टाकते. कोणी याच जागी रात्री अकरा वाजता अडलेलं असेल, तर त्याला पुढचं सगळं वाचायला लागू नये. फ्रीबीएसडी या युनिक्स-घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सिसलॉगडीला, म्हणजे संदेशांची नोंद फाइलमध्ये लिहिणाऱ्या प्रोग्रामला, दुसऱ्या यंत्राकडून येणारे संदेश घ्यायला सांगताना स्मॉल ए या पर्यायापुढे आयपी पत्ता लिहितात. त्या पत्त्याला चिकटून कोलन आणि स्टार लावा: -ए १९२.१६८.१.१/३२:* असं. माझे अडीच दिवस या दोन चिन्हांपायी गेले.

मी एका पतसंस्थेत संगणकांचं सगळं बघते. जुलैत आमचा राऊटर मधूनच स्वतःहून रीस्टार्ट व्हायला लागला. पासबुक भरून घ्यायला आलेल्या लोकांची रांग काउंटरवर उभी आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. साहेब माझ्याकडे बघायचे, मी राऊटरच्या दिव्यांकडे. राऊटर विकणाऱ्यांच्या हेल्पलाइनला फोन केला की दर वेळी एकच उत्तर: "मॅडम, लॉग पाठवा." पण तो राऊटर आपला लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, फक्त मेमरीत ठेवतो. बंद पडून चालू झाला की आधीचं सगळं पुसलेलं. बिघाडाच्या क्षणाचीच नोंद बिघाडासोबत जाते, हे मी त्यांना चार वेळा समजावलं.

म्हणून ठरवलं, लॉग राऊटरच्या बाहेर न्यायचा. राऊटरच्या सेटिंगमध्ये रिमोट लॉगची सोय होती. तिथे एक पत्ता दिला की तो यूडीपीने (पोच न मागता पॅकेट सोडून देण्याची पद्धत) ५१४ पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, संदेश पाठवत राहतो. बॅकअपसाठी ठेवलेला एक जुना डेस्कटॉप होताच, त्यावर फ्रीबीएसडी १३. सिसलॉगडी त्यात मुळातच असतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. मूळ मांडणीत तो -एस या पर्यायाने चालतो, म्हणजे बाहेरचं काही घेत नाही. आरसी.कॉन्फमध्ये (यंत्र सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) सिसलॉगडी_फ्लॅग्स ही ओळ घालून -एस च्या जागी -ए आणि राऊटरचा पत्ता लिहिला. राऊटरवर फॅसिलिटी, म्हणजे संदेशाचा वर्ग, लोकल७ निवडली. /यूएसआर/लोकल/ईटीसी/सिसलॉग.डी या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल केली, तिच्यात एकच ओळ: लोकल७.* चे सगळे संदेश /व्हार/लॉग/राऊटर.लॉग मध्ये. इथपर्यंत चहा गार व्हायच्या आत झालं.

आणि मग काहीच नाही. फाइल शून्य बाइटची.

आधी घरातल्या घरात तपासलं. त्याच डेस्कटॉपवर लॉगर कमांडने लोकल७.नोटिस (वर्ग लोकल७, तीव्रता नोटिस) म्हणून "चाचणी" असा संदेश सोडला, तो लगेच फाइलमध्ये उमटला. म्हणजे ओळ बरोबर, फाइल बरोबर, परवानग्या बरोबर. राऊटरचं मात्र एक अक्षर नाही. हेल्पलाइनला विचारलं. "आमच्याकडून जातंय मॅडम, तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम आहे." हे त्यांनी काहीही न तपासता सांगितलं, याचा राग मला अजून आहे.

खरंच जातंय का, हे टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावून पाहिलं. जात होतं. राऊटरच्या पत्त्यावरून आमच्या डेस्कटॉपच्या ५१४ वर पॅकेट धडाधड येत होती. टीसीपीडम्प प्रत्येकापुढे लोकल७.नोटिस असंही दाखवत होता. पॅकेटच्या सुरुवातीला कोनी कंसात १८९ हा आकडा असतो, त्यातून त्याला ते कळतं. लोकल७ चा क्रमांक २३, गुणिले ८, अधिक नोटिसचे ५. हिशेब चोख.

मग फायरवॉलवर संशय गेला. टीसीपीडम्पला पॅकेट फायरवॉलच्या आधी दिसतं, त्यामुळे तिथे दिसलं म्हणजे पुढे पोचलंच असं नसतं. पीएफ, म्हणजे त्या डेस्कटॉपवरचा फायरवॉल, पूर्ण बंद केला. फाइल कोरीच. कुठला प्रोग्राम कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणाऱ्या सॉकस्टॅटने पाहिलं तर सिसलॉगडी ५१४ वर कान देऊन बसलेला. सर्व्हिस रीलोड करून पाहिली. मग लक्षात आलं की रीलोडने फक्त सिसलॉग.कॉन्फ पुन्हा वाचली जाते, आरसी.कॉन्फमधले पर्याय बदलले तर रीस्टार्टच हवा. (हे लिहून ठेवा, यात माणूस अर्धा तास हरवतो.) रीस्टार्ट केला. तरीही नाही. सगळे संदेश एकाच फाइलमध्ये टाका म्हणून *.* लिहून पाहिलं. तेही नाही. शेवटी मास्क /२४ करून, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या पत्त्यांना मुभा देऊन, माझ्या लिनक्स लॅपटॉपवरून लॉगरने संदेश पाठवला. तोही गायब.

दुसऱ्या दिवशी रात्री घरी आले तरी डोक्यात तेच. पॅकेट दारापर्यंत येतंय, दार उघडं आहे, आत माणूस बसलाय, आणि वहीत नोंद नाही. आमच्या संस्थेत टपालाची आवक बारनिशी असते. चुकून दुसऱ्याच पत्त्याचं पाकीट आलं आणि परत पाठवलं, तरी शिपाईकाका त्याचा क्रमांक टाकून पुढे "परत" लिहितात. इथे नोंद ठेवणं हेच ज्याचं काम, तो नकार देत होता आणि नकाराची एक ओळही लिहीत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस थांबवली आणि सिसलॉगडी हातानेच चालवला, -डी लावून. त्याने तो पडद्यासमोरच राहतो आणि मनातलं सगळं बोलतो. राऊटरचं पहिलं पॅकेट आलं आणि खाली इंग्रजीत ओळ उमटली. अर्थ असा: नियम ० मध्ये नाकारलं, पोर्ट जुळत नाही.

पोर्ट? ५१४ तर होताच. टीसीपीडम्पची जुनी ओळ पुन्हा वाचली. उजवीकडे, जिथे पॅकेट पोचायचं, तिथे ५१४. डावीकडे, जिथून निघालं, तिथे राऊटरच्या पत्त्यापुढे चौतीस हजारांतला कुठलातरी आकडा. दोन दिवस ती ओळ माझ्यासमोर होती आणि माझी नजर फक्त उजवीकडे जात होती. -ए मध्ये पत्त्यापुढे पोर्ट लिहिला नाही, तर सिसलॉगडी असं धरतो की पाठवणाऱ्याने सुद्धा ५१४ वरूनच पाठवलं पाहिजे. बहुतेक राऊटर आणि लिनक्सचा लॉगर वाटेल त्या रिकाम्या पोर्टवरून पाठवतात. स्टार म्हणजे कुठलाही पोर्ट चालेल. मॅन पेजमध्ये (प्रोग्रामच्या माहितीपानात) हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मी तिथला पत्त्याचा भाग वाचून पुढे गेले होते.

यामागे जुना विचार आहे, आणि तो समजल्यावर राग थोडा निवळला. सिसलॉग १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपाल-प्रणालीसाठी लिहिला. त्या काळी युनिक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याला, उघडता यायचे. संदेश ५१४ वरून आला, म्हणजे तो त्या यंत्राच्या खऱ्या सिसलॉगडीनेच पाठवला, कुणा साध्या वापरकर्त्याने बनवून सोडलेला नाही, एवढी खात्री त्यातून मिळायची. ऑगस्ट २००१ च्या आरएफसी ३१६४ या सिसलॉगची पद्धत मांडणाऱ्या दस्तऐवजामध्येही पाठवणारा पोर्ट ५१४ असावा अशी शिफारस आहे, आणि वेगळ्या पोर्टवरून येणारे खरे संदेश पाहण्यात आले आहेत असंही तिथेच म्हटलंय. पहारा कडक असावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याला दारातून परत पाठवलं, त्याचं नाव तरी वहीत यावं, हे माझं मत ठाम आहे.

स्टार लावून हाताने पुन्हा चालवायला गेले, तर शेल (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) म्हणाला "नो मॅच". १३ पर्यंतच्या फ्रीबीएसडीत रूटला सीशेल मिळतो आणि तो उघड्या स्टारला फाइलचं नाव समजून शोधायला लागतो. अवतरणचिन्हांत लिहा. १४ पासून रूटला साधा एसएच असतो, तिथे ही अडचण येत नाही. आरसी.कॉन्फमध्ये तर अवतरणचिन्हं असतातच. फाइलमध्ये पडणारी नवी ओळ दाखवणारी टेल -एफ ही कमांड लावून बसले, कॅपिटल एफ, म्हणजे फाइल बदलली तरी तो पाठ सोडत नाही. पहिली ओळ पडली तेव्हा मी खुर्चीतून उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि नुसतं "आलं" एवढंच म्हणाले. त्यांना काय आलं ते कळलं नाही, पण माझा चेहरा बघून त्यांनी चहा मागवला.

राहिलेलं, जसं आठवेल तसं. सिसलॉगडी फाइल स्वतः तयार करत नाही. आधी टच कमांडने रिकामी फाइल करून ठेवा, नाहीतर कॅपिटल सी हा पर्याय द्या. पत्त्यापुढचा /३२, म्हणजे फक्त तेवढा एकच पत्ता, विसरू नका. तो नसेल, तर १९२.१६८ च्या पत्त्याला २४ धरलं जातं आणि आजूबाजूच्या सगळ्या यंत्रांना दार उघडं होतं. तीव्रतेचे आकडे उलटे आहेत, ० म्हणजे सगळ्यात गंभीर, ७ म्हणजे डीबगची बडबड. लोकल७.वॉर्निंग लिहिलंत तर नोटिस येणार नाही. फाइल फुगू नये म्हणून न्यूसिसलॉग.कॉन्फमध्ये (जुनी लॉग फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करणाऱ्या न्यूसिसलॉगची सेटिंग) एक ओळ घाला. मी रोज मध्यरात्री नवी फाइल आणि तीस जुन्या ठेवते. न्यूसिसलॉग -एन -व्ही चालवलं की काहीही न बदलता तो काय करणार होता ते सांगतो.

तारखेचं मात्र नीट वाचा. राऊटर पहिल्यांदा रीस्टार्ट झाला आणि जुलैच्या ओळींच्या मध्येच १ जानेवारीच्या ओळी दिसल्या. राऊटरच्या घड्याळाला बॅटरी नाही. चालू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो वर्षाच्या पहिल्या दिवशी असतो, आणि सिसलॉगडी पाठवणाऱ्याचीच वेळ छापतो. जुन्या पद्धतीच्या त्या वेळेच्या शिक्क्यात वर्षही नसतं आणि टाइमझोनही. कॅपिटल टी लावलं की संदेश आपल्या यंत्रावर पोचल्याची वेळ छापली जाते.

ते लावल्यावर चित्र दोन दिवसांत स्पष्ट झालं. सकाळी १०:०४, दुसऱ्या दिवशी ९:५८ आणि दुपारी २:३१. रीस्टार्टच्या आधी एकही तक्रारीची ओळ नाही, सरळ सुरुवातीच्या ओळी. म्हणजे राऊटर आजारी नव्हता, त्याची वीज तुटत होती. शिपाईकाकांना विचारलं, या वेळांना काय होतं? ते म्हणाले, "ताई, टाकी भरायला मोटर लावतो की." राऊटरचा अडॅप्टर मोटरच्याच लाइनवरच्या बोर्डात होता, यूपीएसवर नव्हताच. त्याच दिवशी वायर हलवली. हेल्पलाइनने मागितलेला लॉगही पाठवून दिला, वेळांखाली रेघा मारून.

आणखी एक, हे आधी सांगायला हवं होतं. पीएफ तपासणीसाठी बंद केला होता, तो परत चालू करा, आणि ५१४ फक्त राऊटरच्या पत्त्यालाच मोकळा ठेवा. यूडीपीमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो आणि स्टार लावल्यावर पोर्टची जुनी खूणही उरत नाही. हा पोर्ट इंटरनेटच्या बाजूने कधीही उघडू नका. आमच्याकडची शेवटची ओळ अशी आहे: सिसलॉगडी_फ्लॅग्स="-टी -ए १९२.१६८.१.१/३२:*". यातला टी कॅपिटल, ए स्मॉल.