तुम्ही विचारलंत म्हणून: हॉस्पिटल इंजिनिअरांना वेगळी संघटना कशाला?

डॉक्टरांची संघटना आहे, आर्किटेक्टांची आहे, कॉन्ट्रॅक्टरांचीही आहे. मग हॉस्पिटल सांभाळणाऱ्या इंजिनिअरांना स्वतंत्र चूल कशाला, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: वर्गणी, हारतुरे, पदाधिकाऱ्यांचे फोटो. खोटं कशाला बोलू, तेही होतं.

ब्रिटनमध्ये या मंडळींची संस्था 1943 मध्ये उभी राहिली, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, येण्याच्या 5 वर्षं आधी. अमेरिकेत 1962 मध्ये, तिथल्या हॉस्पिटल असोसिएशनच्या छत्राखाली. 1970 मध्ये रोमला देशोदेशीच्या संस्थांचा महासंघ झाला. इतिहास एवढ्यावरच सोडतो, कारण तो ऐकून कोणाचं मन वळलेलं नाही. नाशिकचं सांगतो.

21 एप्रिल 2021, महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. द्रव ऑक्सिजनच्या टाकीजवळ गळती सुरू झाली. पांढऱ्या ढगाची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. (ढग दिसतो तो हवेतल्या बाष्पाचा. पण त्यात वावरलेल्या माणसाच्या कपड्यांत ऑक्सिजन मुरतो, म्हणून बाहेर आल्यावर 15-20 मिनिटं तरी आगीच्या जवळ फिरकायचं नाही.) वॉर्डांतल्या लाइनीचा दाब पडला. त्या दिवशी 22 रुग्ण गेले, पुढे आकडा 24 झाला.

"सिलिंडर नव्हते का?" हे लगेच विचारलं जातं. हिशेब करून बघा. जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे 7 घनमीटर वायू. 150 रुग्णांना मिनिटाला सरासरी 10 लिटर धरले, तर तासाला 90 घनमीटर लागतात. 10 सिलिंडरची एक बँक, म्हणजे एकत्र जोडलेला संच, पाऊण तासात संपली. उलट द्रव ऑक्सिजनच्या एका लिटरचा साधारण 860 लिटर वायू होतो, त्यामुळे 13 हजार लिटरची भरलेली टाकी हाच भार 5 दिवस ओढते. टाकीला मॅनिफोल्ड, म्हणजे अशा बँका पाइपलाइनला जोडणारी यंत्रणा, हा पर्याय नव्हे. दुसरी सोय होईपर्यंत तो हातात थोडा वेळ देतो, इतकंच. तोही बँक बदलायला माणूस पान्यासह तिथं हजर असेल तर.

आणि हे गणित टाकीकडच्या लाइनीतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (वायू एकाच दिशेने जाऊ देणारा) नीट बसतो असं गृहीत धरून. तो पास होत असेल, म्हणजे बंद असूनही वायू सोडत असेल, तर सिलिंडरचा वायू वॉर्डात जायचं सोडून उलटा फुटलेल्या जॉइंटकडे पळतो. तपासणी अवघड नाही. आयसीयूला आधी कळवा, खाटेशेजारी सुटे सिलिंडर लावून ठेवा. लाइन मॅनिफोल्डवर घ्या, टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद करा. तो आणि नॉन-रिटर्न यांच्यामधला तुकडा व्हेंट करून, म्हणजे त्यातला वायू बाहेर सोडून, दाबाचा गेज शून्यावर आणा, व्हेंट बंद करा आणि 10 मिनिटं गेजकडे बघत बसा. काटा हलला तर नॉन-रिटर्न पास होतोय. वर्षानुवर्षं ही चाचणी न झालेली ठिकाणं भरपूर सापडतील.

गळतीचंही तसंच. नाशिकला नेमकं काय सुटलं यावर मी बोलत नाही, सर्वसाधारण सांगतो. द्रव ऑक्सिजन उणे 183 अंशांना असतो. व्हॉल्व्हच्या ग्लँडमधलं (दांड्याभोवतीच्या सीलमधलं) टेफ्लॉनचं पॅकिंग धातूपेक्षा जास्त आकसतं. उन्हात कसलेला जॉइंट टाकी पहिल्यांदा गार झाली की ढिला पडतो, म्हणून गार झाल्यावर तो पुन्हा तपासून बेताने कसायचा असतो. जोर लावून कसला तर पॅकिंगच चिरडतं. हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, पण मॅन्युअल गॅस कंपनीच्या कपाटात आणि व्हॉल्व्ह हॉस्पिटलच्या आवारात. टाकीचा परवाना पेसोचा (स्फोटकं आणि दाबाच्या टाक्यांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था), इमारत बांधकाम विभागाची, व्हेंटिलेटर बायोमेडिकल विभागाकडे, फ्लोमीटर सिस्टरांकडे. मधल्या तांब्याच्या पाइपला मायबाप नाही. त्या पाइपवाल्यांनी एकमेकांना फोन करावा, "आमच्याकडे हे सुटलं, तुमच्याकडचं बघा" म्हणावं, एवढ्यासाठी संघटना हवी.

पूर्वी माझं म्हणणं वेगळं होतं: नियम कडक करा, ऑडिट लावा, संघटना-बिंघटना नको. अजूनही अर्धं मन तिकडेच आहे. पण 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्यात नवजात कक्षातल्या आगीत 10 बाळं गेली, राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले, आणि त्याच वर्षी 23 एप्रिलला विरार, 6 नोव्हेंबरला अहमदनगर, दोन्हीकडे आयसीयूतच आग. ऑडिट फुकट, असं नव्हे. ऑडिटवाला एक दिवस येतो आणि जे दाखवलं जातं ते बघतो. संघटना असती तर यातलं एखादं टळलंच असतं, असा दावाही मी करणार नाही. 1943 पासून संस्था असलेल्या ब्रिटनमध्येही कोविडच्या पहिल्या लाटेत एका हॉस्पिटलला ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून लोकांना येऊ नका सांगावं लागलं होतं.

आमच्यात खरा वाद सभासद कोणाला करायचं यावर आहे. पदवीधरांचं म्हणणं, दर्जा राखायचा तर पदवी हवी. मला ते पटत नाही. रात्री तीनला मॅनिफोल्ड रूममध्ये असतो तो आयटीआय झालेला, कंत्राटावरचा ऑपरेटर. त्याला बाहेर ठेवून ग्लँड-पॅकिंगवर परिसंवाद भरवायचे, तर हारतुऱ्यांचा आरोप खराच ठरेल. त्याला आत घ्यायचं, तर दर वर्षी कंत्राटदार बदलला की सभासद बदलणार, आणि शिकवलेलं त्याच्याबरोबर निघून जाणार. मागच्या बैठकीत हा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला.